पाठकोऱ्या बाईंचा उलटा ताळा

नगरपालिकेत त्यांना नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. तोंडावर सगळे 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की 'पाठकोऱ्या बाई'. एका बाजूला छापलेला आणि दुसऱ्या बाजूला कोरा असलेला कागद टाकून देणं हे बाईंच्या लेखी पापच होतं. जुनी परिपत्रकं, रद्द झालेले अर्ज, चुकीचे छापले गेलेले तक्ते, सगळं त्यांच्या टेबलाच्या डाव्या खणात जमा व्हायचं. तिथे बाई प्रत्येक कागदाच्या छापील बाजूला, वरच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने एक बारीक तिरकी रेघ मारत. म्हणजे ही बाजू मेली, आता मागची वापरा. लेकीच्या लग्नातल्या पाहुण्यांची यादीसुद्धा पाणीपट्टीच्या जुन्या नमुन्यांवर झाली होती. व्याही भले गृहस्थ, त्यांनी यादी उलटून पाहिली, थकबाकीचे रकाने वाचले आणि यादी पुन्हा सरळ करून ठेवली.

नोकरीची चौतीस वर्षं सरली होती. निवृत्तीला बारा दिवस उरले होते. गुडघे केव्हाच निवृत्त झाले होते, बाकीच्या बाई तेवढ्या कामावर येत होत्या. सहा निवडणुका त्यांच्या हाताखालून गेल्या, ही सातवी. दर वेळी तेच. याद्या, हरकती, मतपेट्या, भांडणं, मग मोजणी, मग निकालवहीवर मुख्याधिकारी साहेबांची सही आणि शिक्का, मग नव्या नगरसेवकांचं स्वागत. नवे येताना छाती काढून येतात आणि पाच महिन्यांत जुन्यांसारखे चहा गार आहे म्हणून ओरडू लागतात. बाईंना आता कोणाचाच राग येत नसे. एक खुर्चीवाले सोडून.

खुर्चीवाले म्हणजे प्रभाग सातचे नगरसेवक. धंदा समारंभांना खुर्च्या भाड्याने देण्याचा, म्हणून ते नाव. पंधरा वर्षं त्यांनी स्वतःच्या खुर्च्या गावभर फिरवल्या, पण नगरपालिकेची एक खुर्ची मात्र जागची हलू दिली नाही. एका सभेत ते एका विधवा बाईच्या तक्रारीवर नको ते बोलले होते. ते वाक्य इतिवृत्तातून गाळा, असा त्यांचा हुकूम. बाई म्हणाल्या, "सभागृहात बोललं गेलं ते लिहिलं गेलं. आता ते माझं नाही, तुमचं नाही." खुर्चीवाल्यांनी भर सभेत फाइल भिरकावली, 'कारकुंडी' म्हणाले, आणि महिन्याभरात बाईंची रवानगी तळघरातल्या अभिलेख कक्षात झाली. दोन वर्षं. गुडघे तिथल्या ओलीनेच गेले असं बाईंचं ठाम मत होतं.

तर ते खुर्चीवाले यंदा पडले. एकवीस मतांनी. आणि पाडलं कोणी, तर सरकारी थाटाची गाडी नसलेल्या, भाषण न येणाऱ्या, नगरपालिकेच्या दवाखान्यातल्या एका नर्सने. तिला सगळा प्रभाग 'सिस्टर' म्हणायचा. बाईही सातमध्येच राहायच्या. त्यांचा नवरा शेवटचे चार महिने अंथरुणाला खिळला होता, पाठीला जखमा झाल्या होत्या. ही पोरगी ड्यूटी संपवून घरी जाताना रोज यायची, जखमा धुवायची, पट्टी बदलायची आणि चहासुद्धा न घेता निघून जायची. "मावशी, काकांना आज जरा बरं वाटतंय," असं खोटं ती रोज इतक्या मनापासून बोलायची, की दोघंही नवरा-बायको ते घटकाभर खरं मानत.

मोजणीच्या संध्याकाळी निकाल भोंग्यावरून जाहीर झाला तेव्हा मामा शिपाई दोन जिने धावत वर आले होते. त्यांच्या वयाला ते शोभलं नाही. बाई हसल्या होत्या. कधी नव्हे ते मनातल्या मनात म्हणाल्या होत्या, देर आहे पण अंधेर नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी निकाल प्रमाणित व्हायचा होता. अकरा वाजता सभागृहात निकालवही वाचायची, साहेबांनी सही करायची, शिक्का मारायचा आणि लगेच शपथ आणि स्वागत. बाई साडेसातलाच हजर झाल्या. कारण त्यांचा उलटा ताळा व्हायचा होता.

हा उलटा ताळा आता नियमात नाही. बेरजा संगणक करतो, आणि तो कधी चुकत नाही असं सगळे म्हणतात. पण बाईंना कामाला लावणाऱ्या पहिल्या साहेबांनी त्यांना शिकवलं होतं, की सरळ वाचलं म्हणजे डोळा पुढे पळतो आणि जे असायला हवं तेच वाचतो. शेवटून वाचत या, म्हणजे डोळ्याला पायी चालत यावं लागतं. म्हणून बाई शेवटच्या प्रभागाच्या शेवटच्या केंद्राचा तक्ता घ्यायच्या, खालचा आकडा आधी, मग वरचा, मग नाव. समोर निकालवही घेऊन मामा बसायचे आणि आकड्यापुढे टिंब द्यायचे. सहा निवडणुका हे झालं होतं आणि सहाही वेळा एकही चूक सापडली नव्हती. मामा म्हणायचे, "बाई, हा ताळा म्हणजे कुलूप लावलं की नाही ते पाहायला जिना चढून परत येण्यासारखं आहे." आणि तरी बसायचे.

बारावा, अकरावा, दहावा असं करत ते सातपर्यंत आले तेव्हा नऊ वाजत आले होते. खाली सभागृहात खुर्च्या लावल्याचा आवाज येत होता. भाड्याच्या खुर्च्या यंदा दुसऱ्याकडून आणल्या होत्या.

"प्रभाग सात, केंद्र तीन," बाई म्हणाल्या. "खालून. नऊ, घड्याळजी."

"नऊ," मामांनी टिंब दिलं. घड्याळजी म्हणजे सातमधले तिसरे उमेदवार, घड्याळं दुरुस्त करणारे.

"एकशे एकतीस, खुर्चीवाले."

मामांचं टिंब पडलं नाही. "बाई, एकशे एकतीस सिस्टरला आहेत. खुर्चीवाल्यांना एकशे बारा."

"मामा, ओळ चुकली तुमची."

"माझी कशाला चुकतेय? हे बघा ना."

बाईंनी वही बघितली. मग तक्ता बघितला. मग चष्मा पुसून परत तक्ता बघितला. त्या तक्त्यावर पहिलं नाव सिस्टरचं होतं, दुसरं खुर्चीवाल्यांचं. बाकी चारही केंद्रांच्या तक्त्यांवर पहिलं खुर्चीवाल्यांचं आणि दुसरं सिस्टरचं. आणि या एका तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीची एक बारीक तिरकी रेघ होती.

ती रेघ जगात एकच माणूस मारत होता.

झालं होतं ते असं. पहिले तक्ते छापले ते अर्ज आले त्या क्रमाने. सिस्टर रात्रपाळी करून तशीच रांगेत उभी राहिली होती, तिचा अर्ज पहिला, म्हणून नाव पहिलं. मग वरून आदेश आला, नावं आडनावाच्या वर्णानुक्रमाने हवीत. तक्ते नव्याने छापले, जुने रद्द झाले आणि अर्थातच बाईंच्या डाव्या खणात गेले. मोजणीच्या टेबलांसाठी पाकिटं भरताना बाईंनी प्रत्येक पाकिटात एक नवा तक्ता घातला, आणि कच्च्या बेरजांना हवेत म्हणून दोन-दोन पाठकोरे. कोरे कागद कशाला वाया घालवायचे? केंद्र तीनच्या मोजणीला नेमलेल्या मास्तरांनी दिवसभराच्या शिणवट्यात उलट केलं. नव्या तक्त्याच्या मागे बेरजा केल्या आणि मेलेल्या तक्त्यावर निकाल लिहिला. त्या कागदावरच्या नावांपुढे आकडे अगदी बरोबर होते. पण वहीत उतरवताना बाईंनी नावं वाचलीच नाहीत. पहिला रकाना पहिल्यात, दुसरा दुसऱ्यात. एकूण बेरीज दोन्हीकडे दोनशे बावन्न, संगणकालाही गैर दिसलं नाही. खुर्चीवाल्यांची माणसं विजय धरूनच चालली होती, ती सही ठोकून लवकर जेवायला गेली होती.

बाईंनी एका पाठकोऱ्यावर मांडून पाहिलं. मांडायची गरज नव्हती, त्यांना कळलं होतं. सिस्टर सहाशे चार होती ती पाचशे पंच्याऐंशी झाली. खुर्चीवाले पाचशे त्र्याऐंशी होते ते सहाशे दोन झाले. सतरा मतांनी निवडून आले होते खुर्चीवाले.

"मामा, दार लावा," बाई म्हणाल्या.

मामांनी दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभे राहिले. "कोणी हरकत घेतलीय?"

"नाही. मुदत काल संपली."

"खुर्चीवाल्यांना माहीत आहे?"

"त्यांना कुठून माहीत असणार?"

"मग बाई, कशाला हात दाखवून अवलक्षण करताय? सुंठीवाचून खोकला गेलाय, तुम्ही त्याला परत घरी बोलावणार?" मामांचा आवाज खाली आला. "तुमचं स्वतःचं काय होईल? बारा दिवस राहिलेत. उद्या लोक म्हणतील, पाठकोऱ्या बाईंनी जाता जाता निवडणूक उलटी केली. त्या माणसानं तुम्हाला दोन वर्षं खाली गाडलं होतं, आणि ही पोर..." बाईंच्या नवऱ्याला खांदा द्यायला मामाही होते.

बाईंच्या समोर खोडरबर पडलं होतं. एक रेघ खोडायची, वही मिटायची, आणि साहेब सही करतील. मतपत्रिका सहा महिन्यांनी जाळून टाकतात. पुढची पाच वर्षं सातमधल्या गटारांकडे कोणीतरी बघेल, दवाखान्यात रात्रीचा डॉक्टर येईल. वाईट काय त्यात? बाईंना खरोखर कळेना की वाईट काय त्यात. आयुष्यभर त्या नेमाने वागल्या त्या काही फार मोठ्या तत्त्वाने नव्हे. खोटं लक्षात ठेवायला डोकं लागतं आणि तेवढं त्राण त्यांच्यात कधीच नव्हतं, असं त्या लेकीला सांगायच्या. आज तर अजिबातच नव्हतं. रडू येईल असं वाटलं, पण तेही आलं नाही. नुसता कंटाळा आला, हाडापर्यंत.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. मामांनी उघडलं तर सिस्टर. सोबत तिची आई.

"मावशी, लवकर आले, रागावू नका," ती आत येत म्हणाली. कपड्यांना कडक इस्त्री होती, पण हातात दवाखान्याचीच पिशवी होती. "आईला घरी दम निघेना. हिला कुठे बसवू?"

"पहिल्या रांगेत," मामा म्हणाले आणि खिडकीकडे बघू लागले.

आईच्या पायात नव्या चपला होत्या आणि त्या चावत होत्या. तिने बसल्या बसल्या त्या काढून खुर्चीखाली सारल्या. "बाई," ती म्हणाली, "हिला जरा सांगा, हळू बोल म्हणावं. वॉर्डात ओरडून ओरडून सवय झालीय."

"मावशी, दोनच मिनिटं ऐकता का? शपथेनंतर आभाराचं बोलायचं असतं ना?" सिस्टरने पिशवीतून कागद काढला. औषधाच्या चिठ्ठीच्या मागे लिहिलेलं होतं. "तुमच्याकडून शिकले हे, पाठकोरं. म्हणू का? 'मी रात्री दोनला उठवलं तरी रागावत नाही, हे प्रभागातल्या सगळ्यांना माहीत आहे. तेच मी इथं करणार आहे.' बस, एवढंच. फार साधं होतंय का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "छान आहे."

"आणि तो कागद मिळाला ना तुम्हाला? काल दुपारी तुमच्या ट्रेमध्ये टाकलाय, राजीनामा. मेट्रन म्हणाली, उभं राहायला रजा चालते, पण शपथेच्या आधी तो द्यावाच लागतो. अठरा वर्षांची नोकरी, मावशी, एका ओळीत संपली. रात्रभर जागीच होते. पण म्हटलं, आता मागे बघायचं नाही."

बाईंनी ट्रेकडे पाहिलं. कागद तिथेच होता, आस्थापनेच्या गठ्ठ्यात, वरून तिसरा. साहेबांची सही व्हायची होती.

"तू जरा खाली जाऊन बस," बाई म्हणाल्या. "मला साहेबांकडे जायचंय." उठताना त्यांनी टेबलाला धरलं. सिस्टरने सवयीने त्यांचा कोपर हातात घेतला. बाईंनी तो सोडवून घेतला, जरा झटकूनच. पोरगी चमकली.

साहेब वयाने बाईंच्या लेकीएवढे. दुसरीच नेमणूक. आरशासमोर कॉलर नीट करत होते. बाईंनी तक्ता आणि वही समोर ठेवली, आणि काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं. पाचवं वाक्य होतं, "चूक माझी आहे, साहेब."

साहेब खाली बसले. "आत्ता? बाई, आत्ता सांगताय?"

"आत्ताच कळलं."

"खाली दोनशे लोक आलेत. नगराध्यक्ष रस्त्यात आहेत." त्यांनी तक्ता उजेडात धरला, ती पेन्सिलीची रेघ पाहिली. "समजा, तुम्ही आज हा ताळा केलाच नसता तर?"

"तर कळलं नसतं."

"नियमात आहे का हा ताळा?"

"नाही."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत एक दार उघडं होतं आणि बाईंना ते स्पष्ट दिसलं. त्या नुसत्या 'बरं' म्हणाल्या असत्या तरी पुरे होतं. पण त्यांच्या डोळ्यासमोर तळघरातली ती फडताळं आली, पन्नास-साठ वर्षांच्या निकालवह्या, त्यातल्या शेवटच्या सहा त्यांच्या अक्षरातल्या, आणि आता ही सातवी. दुसऱ्याचं खोटं लिहायला नकार दिला म्हणून त्यांनी दोन वर्षं तिथे काढली होती. स्वतःच्या खोट्यापायी पुढचं सगळं आयुष्य तिथेच काढावं लागलं असतं.

"साहेब, सहीआधी शंका आली तर त्या केंद्राच्या मतपत्रिकांचं पाकीट उमेदवारांसमोर उघडायचं," बाई म्हणाल्या. "कलम तेवीस."

"माहीत आहे मला," साहेब तुटकपणे म्हणाले. आणि मग, जरा मऊ आवाजात, "पाठवा कोणालातरी खुर्चीवाल्यांकडे."

पाकीट साहेबांच्याच खोलीत उघडलं. लाखेची मोहर, सुतळी, सही, सगळं शाबूत होतं. टेबलाच्या एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला खुर्चीवाले. त्यांना घरून आणलं तेव्हा ते अर्धवट दाढीत होते, एक गाल गुळगुळीत, दुसरा खरखरीत. काय चाललंय हे त्यांना अजून उमगलं नव्हतं. बाई एकेक मतपत्रिका उघडायच्या, दोघांना दाखवायच्या आणि खाली ठेवायच्या. खुर्चीवाल्यांचा गठ्ठा डावीकडे, सिस्टरचा उजवीकडे. शंभरच्या पुढे गेल्यावर उजवीकडचा गठ्ठा वाढायचा थांबला. डावीकडचा वाढतच राहिला. एकशे तीस. एकशे एकतीस.

सिस्टर डावीकडच्या गठ्ठ्याकडे बघत होती. दवाखान्यात एखाद्या नातेवाइकाला बातमी सांगताना तिचा चेहरा असा होत असे, बाईंनी तो स्वतः एकदा पाहिला होता. तिने फक्त विचारलं, "आईला मीच सांगू ना?"

"मी सांगते," बाई म्हणाल्या.

"नको. तुम्ही राहू द्या."

अकराचं स्वागत पावणेबाराला सुरू झालं. मामांना एक गोष्ट ऐन वेळी करावी लागली. पडलेल्या नगरसेवकाने आपली नावाची पाटी घरी न्यायची, अशी तिथली रीत. खुर्चीवाल्यांनी रागाने ती नेलीच नव्हती, आणि मामांनी चार दिवस तिच्यावर चहाची किटली ठेवली होती. आता तीच पाटी धावत आणून, पुसून, टेबलावर उभी केली. सिस्टरची नवी पाटी, रंगाचा वास अजून न गेलेली, कपाटात गेली.

निकालवही बाईंनीच वाचली, त्यांचं ते काम. प्रभाग सात येताच सभागृहात आधी कुजबुज झाली, मग आरडाओरडा, मग साहेबांनी उठून खुलासा केला. केंद्र तीन, तक्ता बदलला गेला, चूक कार्यालयाची. 'कार्यालयाची' म्हणाले, ही त्यांची कृपा. पण सगळ्यांच्या नजरा जिथे वळायच्या तिथे वळल्याच. पहिल्या रांगेत सिस्टरची आई खाली वाकून पायाने चपला शोधत होती. एक सापडली, दुसरी सापडेना. सिस्टरने ती काढून दिली आणि दोघी पुन्हा ताठ बसून राहिल्या. बाई वाचत राहिल्या. आवाज मात्र कुठेच अडकला नाही, त्याचं त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं.

साहेबांनी सही केली. शिक्का मारला. बारा जणांनी शपथ घेतली, फुलं झाली, टाळ्या झाल्या. सिस्टरनेही टाळ्या वाजवल्या, बाराही जणांसाठी.

मग खुर्चीवाले आभाराला उठले. आता दोन्ही गाल गुळगुळीत होते. पाटीकडे पाहून म्हणाले, "हा डाग कसला रे?"

"जुनी आहे ना, साहेब," मामा म्हणाले.

"असू दे. जुनं ते सोनं!" खुर्चीवाले हसले. मग त्यांनी सभागृहावरून नजर फिरवली आणि ती बाईंवर आणून ठेवली. "आज मला एका व्यक्तीचे खास आभार मानायचेत. कोपऱ्यात बसून लिहितायत त्या. आमचे आणि बाईंचे जुने संबंध आहेत. मध्ये जरा कुरबुरी झाल्या, घरात होतातच. पण वेळेला माणूस आपल्या माणसासाठीच धावतं! बाई, तुमचे उपकार मी विसरणार नाही."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, "तरीच!" बाईंच्या कानशिलांवर रक्त चढलं. चौतीस वर्षांत त्यांच्यावर कधी कोणी बोट ठेवलं नव्हतं, आणि आज गावाने हिशोब एका क्षणात जुळवला होता. उद्या भाजीवाल्यापर्यंत जाईल, परवा लेकीच्या सासरी. उठून ओरडावं असं वाटलं. पण इतिवृत्त लिहिणाऱ्याने सभेत बोलायचं नसतं. त्यांनी मान खाली घातली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. 'आमचे आणि बाईंचे जुने संबंध आहेत.' बोललं गेलं होतं.

दुपारी सभागृह रिकामं झालं. साहेब जाताना म्हणाले, "लेखी खुलासा उद्यापर्यंत द्या, बाई. मला वर पाठवावाच लागेल." त्यांनी ते दुसरीकडे बघून सांगितलं. मामा कप गोळा करत होते. वर आपल्या टेबलापाशी बाई बसल्या, पाय स्टुलावर घेतले, आणि ट्रेमधल्या गठ्ठ्यातून वरून तिसरा कागद काढून ठेवला. ती येईल की नाही हे त्यांना माहीत नव्हतं.

ती आली. आईला रिक्षात बसवून आली होती.

"यावर सही झालेली नाही," बाईंनी राजीनामा पुढे केला. "सही नाही म्हणजे दिलाच नाही. घेऊन जा."

सिस्टरने कागद हातात घेतला, वाचला. आपलीच एक ओळ, ती वाचायला तिला बराच वेळ लागला.

"मावशी, एक विचारू? तुम्ही मत कोणाला दिलं होतं?"

"तुला."

"म्हणजे त्या पाचशे पंच्याऐंशीत तुम्ही आहात."

"आहे."

"तेवढं तरी बरोबर मोजलंत."

माफ कर म्हणावं, तर काय माफ करायला सांगायचं? खोटं चार दिवस मिरवलं ते, की खरं सांगितलं ते? "तो रात्रीचा डॉक्टर," त्या कशाबशा म्हणाल्या, "त्याचा अर्ज तू नागरिक म्हणूनही करू शकतेस. नमुना माझ्याकडे आहे."

"करीन. आज नको." सिस्टरने पिशवी खांद्याला लावली. "रात्रपाळीला जाते मी. मेट्रनला सांगते, झोप लागली नाही म्हणून परत आले." ती जरा हसल्यासारखी झाली. मग तिच्या लक्षात आलं की कागद अजून तिच्या हातातच आहे. तिने तो उलटा करून बाईंच्या टेबलावर ठेवला, कोरी बाजू वर.

"ठेवा, मावशी. पाठकोरा आहे."

ती जिना उतरून गेली. ते टोचून बोलणं होतं की माफ करणं होतं, बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. पायांचा आवाज संपेपर्यंत त्या ऐकत राहिल्या.

मामा कपांचा ट्रे घेऊन दारात आले. "बाई, खुलाशाला कोरा कागद देऊ? नवा?"

"कच्चा मसुदा आधी," बाई म्हणाल्या.

त्यांनी राजीनामा सरळ केला, छापील शिरोभागाची आणि त्या एका ओळीची बाजू वर. हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. मग त्यांनी पेन्सिल ठेवली, शाईचं पेन घेतलं आणि कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आंधळ्यालाही दिसावी अशी जाड तिरकी रेघ ओढली. शाई वाळेपर्यंत थांबल्या. मग कागद उलटला आणि लिहायला सुरुवात केली. 'चूक माझी आहे.'